गंजलेली पद्मिनी: खान्देशच्या हवेत घरच्या घरी पत्र्याचं काम

खान्देशातली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार वरून पाहिली तर बऱ्याचदा ठणठणीत वाटते. समुद्राची खारी हवा इथे नाही, वर्षातले आठ महिने हवा कोरडी. त्यामुळे बॉनेट, टप आणि दरवाज्यांचा वरचा अर्धा भाग टिकलेला असतो. गंज असतो तो खाली आणि आत. काळी माती एकदा मडगार्डच्या आतल्या कडेत किंवा दरवाज्याखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये जाऊन बसली की पावसाळा संपल्यावरही तिच्यातली ओल लवकर जात नाही. त्यात गाडी गोठ्याशेजारी किंवा खताच्या पोत्यांजवळ उभी असेल तर पत्रा आणखी लवकर जातो. पोटॅश खतात क्लोराइड असतं आणि ते मिठासारखंच लोखंड खातं.

म्हणून गाडी घेण्याआधी किंवा कामाला हात घालण्याआधी खालून तपासा. सगळ्या मॅट आणि त्यांच्याखालचं नमदं काढा. एका जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअर, सिलचा तळ, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) माउंटिंग, बॅटरीखालची ट्रे, डिकीचा तळ, पुढच्या काचेचे खालचे कोपरे आणि दरवाज्यांची खालची घडी अशा सगळ्या जागा टोचून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा गेला, वर रंग कितीही चकचकीत असो. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. सिल आणि फ्लोअर हीच तिची चासी आहे. मडगार्डला भोकं असणं परवडतं. पण पाट्यांचे माउंटिंग आणि दोन्ही बाजूंची सिल पूर्ण गेलेली असेल, तर पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने ती गाडी घेऊ नये.

कागदही आधीच बघा. चासी नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे आणि नंबर ठोकलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवायचा नाही. ती जागा हाताने, पॉलिश पेपरने स्वच्छ करून लगेच प्रायमर मारा. रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या गाडीला केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते. बाजारहाटाला जायचं असेल तर नेहमीचं आरसी नूतनीकरणच बरं.

कोणतं काम कोणत्या महिन्यात

हे आधी ठरवलं नाही तर चांगलं वेल्डिंगही वाया जातं. दिवाळीनंतर गाडी खोला. डिसेंबर-जानेवारीत कापणं आणि वेल्डिंग. फेब्रुवारीत लांबी (खड्डे भरायची पुटी) आणि प्रायमर. मार्चच्या मध्यापर्यंत शेवटचा रंग. एप्रिल-मेमध्ये ब्रेक, वायरिंग, काचा, सीट आणि पोकळ भागांत मेण. मृगाच्या आधी गाडी पूर्ण झालेली हवी.

यामागे कारणं आहेत. थंडीत पहाटे दव पडतं आणि उघडा पत्रा एका रात्रीत पिवळा पडतो, म्हणून जेवढा पत्रा दिवसभरात साफ कराल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लागलंच पाहिजे. इपॉक्सी प्रायमर साधारण 15 अंशांखाली नीट पिकत नाही, म्हणून थंडीत ते सकाळी अकरानंतर मारा. उलट एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा 43-45 अंशांवर गेला की उन्हातला पत्रा हात लावू देत नाही. रंगाचा थेंब पत्र्यावर पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. आणि पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला की हवेतली ओल त्यात अडकून पांढरट झाक येते.

माती काढणे

कापण्याआधी गाडी पूर्ण धुवायची, आतूनसुद्धा. सिलच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात. ती तारेने मोकळी करा आणि वरच्या बाजूने पाइप घालून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. माती किती निघते हे पाहिल्यावर गंज तिथेच का होता ते कळतं. धुतल्यावर गाडी दोन-तीन दिवस उन्हात, दरवाजे उघडे ठेवून वाळू द्या. काहीजण खालून जुनं इंजिन ऑइल मारतात. तसं मारलेलं असेल तर आधी डिग्रीजरने काढा, कारण तेलकट पत्र्यावर वेल्डिंगला छिद्रं पडतात आणि रंग सुटतो.

पेट्रोलची टाकी, सीट, मॅट, नमदं आणि कामाच्या जागेजवळचं वायरिंग बाहेर काढा. बॅटरी काढा, डायनामो किंवा अल्टरनेटरच्या वायरी सोडा. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवा आणि काढण्याआधी फोटो घ्या.

कापणे आणि जोडणे

सगळ्यात जास्त वेळ आणि लक्ष इथे द्यायचं. सिल कापण्याआधी दरवाज्यांच्या चौकटीला आधार देणं सक्तीचं आहे. 25 बाय 25 मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप घेऊन पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि मधल्यापासून मागच्यापर्यंत आडवा टाका. त्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. गाडी स्टँडवर ठेवताना स्टँड ॲक्सल आणि सस्पेंशनच्या खाली लावा, म्हणजे बॉडीवरचं वजन रस्त्यावर असतं तसंच राहतं. मधोमध जॅक लावून सिल कापली तर बॉडी वाकते, आणि नवी सिल बसल्यावर दरवाजा कायमचा लागेनासा होतो. दोन्ही बाजू एकदम कधीच कापू नका. एक बाजू पूर्ण करा, दरवाजे परत लावून फटी तपासा, मग दुसरी बाजू.

कापताना 4 इंची ग्राइंडरला 1 मिलिमीटरचं कटिंग व्हील. रेघ गंजाच्या कडेवर नाही, तर चांगल्या पत्र्यात दोन-तीन सेंटिमीटर आत मारा. गंजाजवळचा पत्रा वरून चांगला दिसला तरी मागून पातळ झालेला असतो आणि वेल्डिंगची ज्योत लागताच तिथे भोक पडतं. पॅच करताना भोक कधीच लहान राहत नाही, हे धरूनच चाला.

पत्रा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी पत्रा घ्या. बाहेरच्या भागांना 20 गेज, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर. फ्लोअर आणि सिलला 18 गेज, म्हणजे सुमारे 1.2. गॅल्वनाइज्ड पत्रा टाळा, त्याचं जस्त जळून निघणारा धूर अंगावर येतो आणि ताप भरतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो जागेवर बसवा, मग पत्रा कापा. सरळ घड्यांसाठी जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतलं शीट बेंडिंगचं दुकान गाठलं तर सिलची पट्टी एका फेरीत वाकवून मिळते. घरी हातोड्याने तेवढी सरळ कड येत नाही.

जोडायला लहान मिग वेल्डर, म्हणजे रॉडऐवजी बारीक तार आपोआप पुढे सोडणारा, 0.8 मिलिमीटरची तार. 0.6 ची मिळाली तर पातळ पत्र्याला जास्त चांगली. नेहमीचा रॉडचा वेल्डर, जो गावोगावी गेट आणि खिडक्यांना वापरतात, इथे चालत नाही. 0.9 च्या पत्र्यात तो भोकंच पाडतो. गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता पसरते आणि सपाट पत्रा लाटांसारखा होतो. मिगनेसुद्धा सलग रेघ ओढायची नाही. एक टाका, मग त्यापासून लांब दुसरा, मग तिसरा, असं फिरत राहायचं आणि टाक्यांमधलं अंतर 25-30 मिलिमीटरवरून हळूहळू भरत आणायचं. शेजारच्या टाक्यावर हात ठेवता येत नसेल तर थांबा. ओल्या फडक्याने पत्रा झटपट थंड करू नका, तो आखडतो. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे वरच्याला 5-6 मिलिमीटरची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे ती भोकं वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडा. मध्ये सापडणाऱ्या पृष्ठभागांवर आधी जस्ताचं वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्डिंग करता येतं ते) मारा, नंतर तिथे ब्रश पोहोचणार नाही.

डोळ्यांना हेल्मेट, अंगाला जाड सुती कपडा आणि हाताशी पाण्याची बादली. अग्निशामक असेल तर आणखी चांगलं. खळ्यात काम असेल तर कडबा आणि कापसाच्या पळकाट्या आधी लांब हलवा. ठिणगी पत्र्यामागे जाते आणि नमद्यात तासभर धुमसत राहते, म्हणून वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास गाडीजवळच थांबा.

ॲसिडबद्दल

इकडे ठिबकच्या नळ्या धुवायला बऱ्याच शेतकऱ्यांच्या घरी ॲसिडचा कॅन असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर गाडीच्या पत्र्याला ते लावू नका. गंज झटक्यात जातो हे खरं, पण क्लोराइड घड्यांमध्ये आणि जोडांमध्ये बसतं. कितीही धुतलं तरी तिथून निघत नाही आणि रंगाखालून गंज परत येतो. गंजाचे डाग पुसायचे असतील तर फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेला रस्ट रिमूव्हर वापरा. तो लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर सोडतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर तो पूर्ण धुऊन वाळवायचा, कारण ओल्या ॲसिडवर इपॉक्सी धरत नाही.

बिजागऱ्या, कंस, बोल्ट अशा सुट्या भागांना लिंबूसत्व पुरेसं आहे, एक लिटर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम. प्लॅस्टिकच्या टबात भिजवून दर काही तासांनी ब्रश मारा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसा आणि उन्हात वाळवा. स्प्रिंग आणि कडक पोलादाचे भाग ॲसिडात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतात. क्रोमचा बंपरसुद्धा नको, ॲसिड त्याच्या भेगांतून खालच्या थरात शिरतं. शेवटचं धुणं बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने न करता आरओच्या पाण्याने करा.

प्रायमर, लांबी, रंग

साफ पत्र्यावर आधी टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचं इपॉक्सी प्रायमर, दोन हात. लांबी त्याच्यावर, नागड्या पत्र्यावर नाही. लांबी ओल शोषते आणि ती खाली गेली की गंज आतून फुगून वर येतो. जाडी जास्तीत जास्त 2-3 मिलिमीटर. त्याहून खोल खड्डा हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) आधी वर काढा. भोकावर जाळी लावून लांबी भरलेली गाडी फार काळ टिकत नाही. आधीच्या मालकाने तसं केलेलं असेल तर सगळं खरवडून काढा. हार्डनर 100 ग्रॅम लांबीला सुमारे 2 ग्रॅम. गरमीत थोडं कमी, नाहीतर पाट्यावरच घट्ट होते. हार्डनर जास्त पडला तर वरच्या रंगातून डाग उमटतो. घासायला लाकडी ठोकळ्यावर 80 नंबरचा पेपर, मग 120, 180 आणि 320. हे सगळं कोरडं. लांबीवर पाण्याचा पेपर चालवू नका.

त्यावर सर्फेसर (रंगाआधीचा, बारीक ओरखडे भरणारा थर), 600 ने पाणी पेपर, आणि पूर्ण वाळल्यावर रंग. सर्फेसर मारून गाडी पावसाळाभर तशीच ठेवू नका, त्यातून पाणी आरपार जातं.

रंगासाठी घरच्या कंप्रेसरला पाणी गाळायचा ट्रॅप लावा. गनचा नोझल प्रायमरला 1.7-1.8, रंगाला 1.3-1.4 मिलिमीटर. भल्या सकाळी, वारा सुटण्याआधी, जमिनीवर सडा मारून काम करा. दुपारच्या झळा आणि धूळ रंगावर बसली की सगळं परत घासावं लागतं. टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्याला काहीच अडवत नाही, एकदा दम्याचा त्रास लागला की पुढे थोड्याशा वाफेनेही तो उसळतो. बाहेरून हवा देणारा मास्क नसेल तर प्रायमरपर्यंतचं काम घरी करा आणि शेवटचा रंग बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत मारून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

पोकळ भाग

बहुतेक लोक रंगावर थांबतात आणि गंज दोन पावसाळ्यांत परत येतो. बाहेरचे सगळे जोड पीयू सीलंटने बंद करा, पण निचऱ्याची भोकं उघडी ठेवा. रंग पूर्ण पिकल्यावर, एप्रिल-मेमध्ये, सिल, दरवाजे आणि खांबांच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारा. खान्देशचा उन्हाळा इथे खरंच कामाला येतो. गरम पत्र्यात मेण पातळ होऊन घडीघडीत शिरतं. ते निचऱ्याच्या भोकातून ठिबकायला लागलं की समजा आत पोहोचलं. मग भोक तारेने पुन्हा मोकळं करा. तळाला डांबरी कोटिंग फक्त इपॉक्सी मारलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं तर ते सुटतं आणि मागे पाणी धरून ठेवतं.

चालू करण्याआधी

ब्रेकवर काटकसर नको. चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडर, रबरी होस आणि गंजलेले पाइप बदला. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग उचलतं.

जाम झालेलं 1089 सीसीचं इंजिन स्टार्टरने फिरवू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ ऑइल टाका, काही दिवस राहू द्या, मग हाताने क्रँक थोडा पुढे-मागे हलवा. जोर लावला तर रिंग तुटतात. टाकी आतून लिंबूसत्वाने धुवा, पण तिला वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफसुद्धा फुटते. आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं असतं. जुने रबरी होस आणि कार्बोरेटरची डायफ्रॅम त्याने सुजतात आणि चिरतात, म्हणून इथेनॉल चालणारा नवा होस घ्या. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा.

सुटे भाग मुंबईतल्या कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात शोधावेत. दरवाज्यांचे रबर मात्र जुने घेऊ नका, नवे घ्या.

पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मॅट उचलून फ्लोअर हाताने चाचपा आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून बघा. ओल लागली तर गळती शोधा, त्याआधी मॅट परत टाकू नका. दिवाळीला मडगार्डच्या आतली माती पाइपाने काढा, आणि दर दोन वर्षांनी मे महिन्यात सिलमध्ये पुन्हा मेण मारा.