दोई सुथेपला लाल वडापने कसं जायचं

थायलंडमधल्या चियांग माईला गेलेले आपले बरेच लोक दोई सुथेप डोंगरावरच्या बौद्ध देवळासाठी हॉटेलातूनच अख्खी गाडी करतात आणि परत आल्यावर महाग पडलं म्हणून सांगत बसतात. अहो पण तिथं वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेणारी शेअर गाडी, आहे ना! लाल पिकअप, मागे छत, समोरासमोर दोन बाकडी. सोंगथेव म्हणतात, थाईत त्याचा अर्थच दोन रांगा. तिथले लोक नुसतं रोत देंग म्हणतात, म्हणजे लाल गाडी.

आता मेन गोष्ट. जुन्या शहरात रस्त्यावर हात करून दोई सुथेप म्हणालात की ड्रायव्हर अख्ख्या गाडीचा रेट सांगणार, त्याचंही चुकत नाही, एका सीटसाठी तो डोंगर कशाला चढेल. म्हणून आधी शहरातल्या लाल गाडीने पायथ्याला या, 30 बाटच्या आसपास घेतात. प्राणीसंग्रहालयासमोर किंवा युनिव्हर्सिटीच्या गेटपाशी वर जाणाऱ्या गाड्या लागलेल्या असतात. उत्तरेच्या चांग फुआक वेशीजवळूनही सुटतात. माणशी किती ते आधी विचारून घ्या, नुसतं जायचं की जाऊन-येऊन तेही. मग आपल्याकडच्यासारखंच, सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आठ-दहा डोकी लागतात. सकाळी पटकन भरते, दुपारी आम्ही सहाजण बराच वेळ नुसते बसून होतो, शेवटी रिकाम्या सीटांचे पैसे सगळ्यांनी वाटून घेतले तेव्हा कुठे निघाली.

घाट बारा-एक किलोमीटरचा आहे आणि वळणं अशी की विचारू नका. ज्यांना गाडी लागते त्यांनी आत केबिनकडच्या टोकाला बसा, मागच्या दाराशी धूर येतो, आणि खिशात आवळा सुपारी असू द्या. सुरुवातीलाच एका भिक्खूंचा पुतळा लागतो, ते क्रूबा श्रीविचय. हा रस्ता त्यांच्यामुळे झाला, गावोगावचे लोक स्वतःहून खणायला आले, 1934 च्या नोव्हेंबरात सुरू केला आणि 1935 च्या एप्रिलात गाडी वर पोचली पण! आमच्या ड्रायव्हरने तिथून जाताना एक हात स्टिअरिंगवरून काढून नमस्कार केला, नेमका वळणावर.

जाऊन-येऊन ठरवलं असेल तर उतरल्या उतरल्या नंबरप्लेटचा फोटो काढा. हसू नका, खाली आल्यावर पार्किंगमध्ये वीस लाल गाड्या सारख्याच दिसतात, आम्ही दोनदा भलत्याच गाडीत चढलो. आणि किती वाजता निघायचं ते मोबाईलवर आकडा दाखवून पक्कं करा, बोलण्यावर राहू नका. तासभर कमी पडतो, दीड तास तरी मागा.

वर नागाच्या कठड्याच्या पायऱ्या, कोणी 306 मोजतं कोणी 309. गुडघे दुखत असतील तर बाजूला छोटी केबल ट्रेन आहे, वेगळं तिकीट. परदेशी माणसाला देवळाचंही तिकीट लागतं, सुटे बाट ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, आणि दुपारी जाणार असाल तर मोजे घाला कारण फरशी चटके देते. सोनेरी चेदीला, म्हणजे स्तूपाला, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून, तीन. पांढऱ्या हत्तीचा पुतळाही बघा, बुद्धाचा अस्थिधातू पाठीवर घेऊन तो इथवर चढला, तीनदा ओरडला आणि इथंच मेला, म्हणून देऊळ इथं अशी कथा आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-रानं जाळल्याचा धूर असतो, वरून शहर दिसतच नाही, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर बेस्ट. परतीची गाडी ठरवली नसेल तर अंधाराआधी खाली उतरा, नंतर सीटा भरता भरत नाहीत.

आणि थाई विशाख पौर्णिमेच्या, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या रात्री तिथं असाल तर वडापचा नाद सोडा, त्या रात्री हजारो लोक पायथ्यापासून चालत वर जातात. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या आणि सरळ गर्दीत शिरा.