फिन्स घेण्याआधी घोटा तपासा

वयाच्या 38व्या वर्षी मी पुण्यात टँकवर पोहायला शिकले. त्याआधी सहा वर्षं नियमित धावत होते, त्यामुळे पायांच्या ताकदीची काळजी नव्हती. पण किकबोर्ड (पाण्यावर तरंगणारी फळी) धरून नुसत्या किकवर, म्हणजे फक्त पाय मारत, जायला सांगितलं तेव्हा 25 मीटर संपता संपेनात. पाय जोरात चालायचे, पाणी उडायचं, आणि मी जवळजवळ जागच्या जागी. याचं कारण कळायला मला तीन महिने लागले आणि फिन्सच्या, म्हणजे पोहताना पायात घालायच्या, पुढे पातं असलेल्या बुटांच्या, दोन चुकीच्या जोड्या विकत घ्याव्या लागल्या. तुमचा तेवढा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून हे लिहितेय.

कारण घोट्यात होतं. फ्री स्टाइलच्या किकमध्ये पाऊल नडगीच्या रेषेत सरळ मागे ताणलं जायला हवं. धावणाऱ्यांचे घोटे बहुधा आखडलेले असतात. पाऊल आकड्यासारखं वळलेलं राहतं आणि पाणी मागे सारण्याऐवजी अडवतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर वज्रासनात बसा (गुडघे दुखत असतील तर नको). पाऊल पालथं पडून जमिनीला टेकतं का ते पाहा. माझ्या घोट्याखालून तेव्हा तीन बोटं सहज जायची. फिन्स कुठल्या घ्यायच्या हे ठरवताना मी आता आधी हेच विचारते.

पहिली जोडी मी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतली. लांब, कडक प्लास्टिकची, टाचेमागे पट्टा असलेली. दिसायला दमदार. दुसऱ्याच लॅपला पोटरीत असा गोळा आला की लेनची दोरी धरून थांबावं लागलं. सरांनी जोडी हातात घेऊन पातं वाकवायचा प्रयत्न केला, ते वाकेना. म्हणाले, "ताई, ही समुद्रात खाली मासे बघायला जातात त्यांची. रोजच्या सरावाला मऊ पातं घ्या, आणि टाच पूर्ण झाकणारी." कडक आणि लांब पातं पाण्यात इतकं जड लागतं की किक कमरेतून येण्याऐवजी गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी होते. म्हणजे जी सवय मोडायची, तीच पक्की होते.

दुसरी जोडी योग्य प्रकारची होती, पण एक नंबर मोठी. बुटाला ठेवतो तशी पुढे थोडी जागा ठेवली होती. पाण्यात फिन सैल झाली की ती टाचेवर घासते. आठवड्याभरात दोन्ही टाचांना फोड आले आणि पंधरा दिवस पाण्याबाहेर राहावं लागलं. फिन मोज्यासारखी बसली पाहिजे. घालून पाऊल हवेत जोरात हलवा, टाच सुटता कामा नये. मात्र बोटं आत दुमडत असतील किंवा पावलाच्या वरच्या बाजूला रग लागत असेल, तर ती लहान आहे. बऱ्याच फिन्सवर 39-40, 41-42 असे युरोपियन नंबर असतात आणि आपल्याला सवय 6, 7 ची. म्हणून पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून कंपनीचा तक्ता पाहा. दोन नंबरांच्या मधे अडकलात तर किंचित मोठी घेऊन आत पातळ मोजे घालता येतात.

पात्याच्या लांबीबद्दल टँकवर प्रत्येकाचं मत वेगळं ऐकायला मिळेल. माझं असं आहे: घोटा आखडलेला असेल आणि किक नुकती शिकत असाल, तर मध्यम लांबीचं मऊ पातं घ्या. प्रत्येक किकला ते पाऊल हळूच मागे ताणतं आणि पाय वर राहिल्याने शरीर पाण्यात आडवं ठेवणं म्हणजे काय, हे पहिल्यांदा कळतं. आखूड पात्यात किकची लय बिनफिनच्या पोहण्याच्या जवळ राहते, पण कष्ट तुम्हालाच करावे लागतात. ती किक बसल्यावरची गोष्ट. मी वर्षभराने आखूड घेतली. सिलिकॉन मऊ असतं, टाचेला कमी लागतं, पण महाग. रबर स्वस्त आणि जड. ब्रेस्टस्ट्रोकला (बेडकासारखं पोहायला) मात्र या फिन्स घालू नका. त्यात पावलं बाहेर वळतात आणि पात्यामुळे गुडघ्याला पीळ बसतो.

सुरुवातीला 1200 मीटरच्या सरावात फिन्स फक्त 200 मीटर. एका कुशीवर, खालचा हात पुढे ताणून, 25 मीटरचे चार लॅप. मग पाठीवर, गुडघे पाण्याबाहेर डोकावू न देता, आणखी चार. आणि लगेच फिन्स काढून 50 मीटर साधं पोहायचं. हे शेवटचं कंटाळ्यापोटी गाळू नका. पायाला जे नुकतं जाणवलंय, ते तेव्हाच अंगात उतरतं. फिन्स घालून वेग मिळतो आणि तो आवडायला लागतो. माझ्या बॅचमधल्या एक काकू अख्खा तास त्यातच पोहायच्या, आणि काढल्या की त्यांचे पाय पूर्वीसारखेच खाली जायचे. शिवाय पोहण्याच्या नेहमीच्या स्पर्धांत फिन्स चालत नाहीत.

फिन्स काठावर बसूनच घाला, घालून चालू नका. सराव झाला की साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

चार महिन्यांनी बोर्डवरची माझी 50 मीटरची किक, बिनफिनची, तीन मिनिटांवरून दोनच्या आत आली. वज्रासनात घोट्याखाली आता एक बोट जेमतेम जातं. यंदा मालवणला चिवला किनाऱ्याजवळच्या समुद्रात एक किलोमीटर पोहायचं ठरवलंय. माझी ती मध्यम पात्याची जुनी जोडी, 39-40 नंबरची, अजून बॅगेत असते. सकाळच्या बॅचला कुणी नवीन आलं आणि पाऊल जुळलं, तर विकत घेण्याआधी दोन दिवस तीच घालून बघायला देते.