हिंगणघाट पट्ट्यात नवे आलात आणि पिस्तूल घ्यायचंय?

सातारा-सांगलीकडून जिनिंग, पेट्रोलपंप नाहीतर संत्र्याच्या व्यापारासाठी इकडं येणारी माणसं आता बरीच झाली. घर लागतं, गॅस जोडला जातो, पोरांची शाळा ठरते, आणि मग एखादा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. दोन घोट चहा झाला की आवाज उतरवून विचारतो, "सुभेदार, ग्लॉक मिळतं का हो?" फौजेतून सुटल्यावर मी सासुरवाडीच्या या भागात कायमचा राहिलो, त्यामुळे हत्याराचा प्रश्न माझ्याकडंच येतो. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

ग्लॉक मिळत नाही. यूट्यूबवर जी पिस्तुलं एकमेकांशी तोलून दाखवतात, ग्लॉक, सिग, बेरेटा, ती बहुतेक ९ एमएमची असतात, आणि आपल्याकडं ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे त्या मापाच्या नळीचं हत्यार सामान्य माणसाला मिळत नाही. आम्ही फौजेत वापरलेलं ९ एमएम १ए पिस्तूल इशापूरच्या सरकारी कारखान्याचंच, ब्राऊनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं, १३ गोळ्यांच्या मॅगझिनचं (मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी). तेही निवृत्त माणसाला घरी ठेवता येत नाही, मग व्यापाऱ्याची काय कथा. साध्या परवान्यावर पिस्तूल म्हणजे व्यवहारात .३२ बोअरचं, एवढं धरून चाला. हे कळलं की अर्धी चर्चा तिथंच संपते.

उरलेल्या अर्ध्या चर्चेआधी एक विचारतो: हवंय कशाला? रानडुकरासाठी म्हणत असाल तर विषय सोडून द्या. .३२ ची गोळी डुकराला लागली तर ते जखमी होऊन तुमच्यावर येईल, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय मारलंत तर वनखातं येईल. वाघ-बिबट्याचं तर नावच काढू नका. इकडचे शेतकरी मचाण, फटाके, झटका मशीन यांवर रात्री काढतात, त्यांच्याकडून शिका. कापसाच्या हंगामात रोकड घेऊन फिरावं लागतं, पंप हमरस्त्यावर एकटा आहे, आधी धमक्या आल्यात, अशी कारणं असतील तर अर्जाला अर्थ आहे. ठाणेदार चौकशीत हेच विचारणार. पोलीस पाटलाला तर तुमच्या आधी माहीत असतं. आमचे पाटील मला म्हणाले होते, "फौजीभाऊ, तो नवा शेठ लायसन काहून मागते जी? त्याच्या घरी तर कुत्रंबी नाही." आधी कुत्रं पाळा, कॅमेरे लावा, रोकड कमी करा. मग बोलू.

आता ब्रँड. नवं घ्यायचं तर सरकारी माल म्हणजे पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीचं 'अशनी'. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात हा कारखाना कानपूरला मुख्यालय असलेल्या कंपनीकडं गेला. बिलावर नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका. खासगी कारखानेही आलेत. उत्तर प्रदेशात हरदोईला वेब्ली अँड स्कॉटच्या नावानं .३२ ची हत्यारं २०२० पासून बनू लागली.

जुनं घ्यायचं तर विलायती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून हत्यार आणायची वाट बंद झाली, त्यामुळे आधी देशात आलेला माल एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतो. वॉल्थर पीपी (१९२९ ची रचना), कोल्टचं १९०३ चं पॉकेट मॉडेल, बेल्जियमचं एफएन ब्राऊनिंग, बर्मिंगहॅमची जुनी वेब्ली. नावं भारी आहेत, घडणही भारी आहे. वॉल्थरची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागं ओढून सोडली की आवाजावरूनच कळतं. पण भाव नावाचा लागतो, लाखांच्या पुढं. कोल्टच्या त्या मॉडेलचं उत्पादन १९४५ च्या सुमारास थांबलं. म्हणजे तुमच्या हातात येणारं पिस्तूल तुमच्या वडिलांपेक्षा मोठं असणार, आणि त्याची फायरिंग पिन, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणारी सळई, तुटली तर वर्ध्यात सोडा, नागपुरातही नवी मिळणार नाही. कारागीर घासून बनवून देईल. तो कसा घासतो, यावर पुढचं सगळं.

माझं मत स्पष्ट आहे. आजोबांचं वॉल्थर वारसाहक्कानं येत असेल तर सोडू नका. पैसे मोजून घ्यायचं असेल तर नवं देशी घ्या. त्याची सफाई विलायतीएवढी नसते, ट्रिगर जड लागतो, कडा कधीकधी हाताला टोचतात. पण सुटे भाग मिळतात, दुसरं मॅगझिन मिळतं, आणि तक्रार कुणाकडं करायची ते माहीत असतं. घेताना मात्र दुकानदारानं पुढं केलेला पहिलाच नग उचलू नका. एकाच कारखान्याच्या दोन नगांत फरक असतो. तीन-चार काढून मागा, स्लाइड संथपणे मागं-पुढं करून बघा, कुठं अडखळते का ते बोटांना कळतं.

भरवशाचं पिस्तूल कुठलं, असं विचारतात तेव्हा माणसं कंपनीचं नाव ऐकायला बसलेली असतात. मी मॅगझिन हातात घेतो. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाला की पुढची गोळी आपोआप भरणारं पिस्तूल, अडतं ते बहुतेक वेळा मॅगझिनमुळे, नाहीतर गोळीमुळे. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याचे दोन ओठ वळवलेले असतात, गोळी तेच धरून ठेवतात. एक ओठ जरासा फाकला, की गोळी वर तोंड करून येते आणि नळीच्या दाराशी अडकते. जुन्या पिस्तुलात मॅगझिन मूळचं आहे की कुणी वाकवून बसवलंय, हे उजेडात धरून बघा. स्प्रिंग दाबून बघा, लोळागोळा वाटली तर बदलून मागा.

.३२ ची स्वतःची एक खोड आहे. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागं गेली, की दोघी एकमेकींना धरून बसतात आणि गोळी पुढं सरकतच नाही. पिस्तूल वॉल्थर असो की अशनी. म्हणून मॅगझिन भरताना प्रत्येक गोळी खालच्या गोळीच्या कडेपुढं बसलीय का ते बघत भरायचं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीत हे जास्त होतं, भरीव गोल टोकाची साधी गोळीच बरी. बुडावर 'केएफ' असतं ती खडकीची, पुण्याजवळच्या कारखान्याची.

आणि .३२ म्हणून मिळणारी प्रत्येक गोळी एक नसते. पिस्तुलाची .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ एमएम. देशी रिव्हॉल्वरची .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. दोन्ही वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. परवान्यावर आणि पावतीवर पिस्तूल की रिव्हॉल्वर हे नीट लिहून घ्या.

रिव्हॉल्वरचं निघालंच आहे तर: ज्याला वर्षातून दोनदाच हत्यार हातात घ्यायचंय, त्यानं पिस्तुलाचा हट्ट करू नये. कानपूरचं 'निर्भीक' २०१४ मध्ये आलं, हलकं आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल'चं सिलिंडर बाजूला उघडतं, भरायला सोपं. रिव्हॉल्वरमध्ये एक गोळी फुसकी निघाली तर ट्रिगर पुन्हा दाबला की पुढची समोर येते. पिस्तुलात स्लाइड ओढावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला तेवढं सुचत नाही. सराव करणार असाल तर पिस्तूल घ्या. सराव म्हणजे रायफल असोसिएशनच्या रेंजवर, शेतातल्या बांधावर नव्हे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय.

इथल्या हवेचंही सांगतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो, तेल पातळ होऊन उतरतं. पावसाळ्यात गंज. कातडी होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवून कपाटात टाकू नका, कातडं ओल धरतं. जिनिंगवाल्यांनी तर खास लक्ष द्यावं. सरकीवरून उडालेला रुईचा बारीक तंतू तेलाला चिकटतो आणि स्लाइडच्या खाचेत, हॅमरच्या मागं नमदा तयार होतो. एका जिनिंगवाल्याचं पिस्तूल मी वर्तमानपत्र पसरून खोललं, तर टाचणीनं कापूस काढावा लागला. हंगामात दर आठवड्याला पुसा, तेल बेतानं लावा.

कागदांत नव्या माणसाची गोची होते ती दोन ठिकाणी. सातारच्या कलेक्टरनं दिलेला परवाना आणि हत्यार घेऊन इकडं राहायला आलात, तर तीस दिवसांत इथल्या परवाना अधिकाऱ्याला कळवायचं असतं. परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे तेही निघण्याआधी वाचा. ग्रामीण भागात काम कलेक्टर कचेरीत, नागपूर किंवा अमरावती शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडं. दुसरी गोष्ट विदर्भाचीच. बोर, टिपेश्वर, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, कुठलं ना कुठलं जंगल जवळ असतंच. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही, आणि आधीचा परवाना असेल तर वनखात्याकडं नाव नोंदवावं लागतं. प्लॉट घ्यायच्या आधी हे अंतर मोजून घ्या. गडचिरोलीच्या आतल्या भागात काम निघालं असेल तर माझा सल्ला हत्यार न नेण्याचा. तिथं बंदुकीसाठीच माणसाच्या मागं लागल्याचे प्रकार झालेत.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका. निवडणूक लागली की ठाण्यातून हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. देताना पावतीवर नंबर, मॅगझिन किती, गोळ्या किती, हे सगळं लिहून घ्या आणि पिस्तुलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. परत घेताना मॅगझिन तेच आहे का, हे तिथंच जमादारासमोर बघून मगच सही करा.