आठ फुटी रीफ टँक: पाणी भरण्याआधीची तयारी

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्या तयारीतलं पहिलं काम सुताराचं. लाकडी पट्ट्या आणून आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा नुसता सांगाडा ठोकायचा आणि दोघांनी तो उचलून, जिथे टँक बसणार आहे तिथपर्यंत नेऊन दाखवायचा. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात तो जिन्याच्या वळणावर अडकला. तिरका केला, उभा केला, कठड्याला ओरखडा पडला, पण वळेना. शेवटी अंगणातून थेट बेसमेंटमध्ये उतरणारं लोखंडी दार बिजागरीसकट काढलं, तेव्हा दोन बोटं फट ठेवून आत गेला. हे चाळीस डॉलरच्या लाकडावर कळलं. खऱ्या टँकबरोबर चार माणसं आणि भाड्याचा ट्रक दारात उभा असताना कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

जागा ठरवताना टँकपेक्षा त्यामागच्या खोलीचा विचार जास्त करा. आमचा टँक भिंतीत बसवलाय. पुढून बघणाऱ्याला फक्त काच दिसते, बाकीचा सगळा संसार मागच्या खोलीत. ती भिंत वरचा भार पेलणारी आहे का, हे फोडण्याआधी जाणकाराला विचारा. मागे माणूस वाकून काम करू शकेल एवढी, निदान तीन फूट जागा हवी. टँकच्या काठापासून छतापर्यंत दोन फूट तरी मोकळे ठेवा, नाहीतर दगड हलवताना हात खांद्यापर्यंत आतच जात नाही. वजनाचं गणित सोपं आहे. २४० गॅलन म्हणजे साधारण ९०० लिटर. खारं पाणीच ९०० किलोंवर जातं, काच आणि दगड धरून सव्वा टन. बेसमेंटच्या काँक्रीटला त्याचं काही नाही. वरच्या लाकडी मजल्यावर ठेवायचं मनात असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग टँक. फरशी समपातळीत आहे असं धरून चालू नका. आमची आठ फुटांत जवळजवळ अर्धा इंच उतरत होती, तो उतार स्टँडच्या पायांत काढावा लागला.

आता पाणी. यावर मी वेळ घालवणार आहे, कारण पाणी बाहेर येणार, हे गृहीत धरूनच ही खोली बांधायची असते. टँकमधलं पाणी पाइपने संपमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी काही वेळ खाली येतच राहतं. किती येईल ते आधी काढा. आठ बाय दोन फुटांच्या पृष्ठभागाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळजवळ १५ लिटर पाणी आलं. आमच्याकडे ती अडीच सेंटिमीटर उतरते, म्हणजे ३७ लिटर, अधिक पाइपांतलं पंधराएक. संपमध्ये नेहमी एवढी जागा रिकामी हवीच, वर थोडी जास्त. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्यात कचरा अडकतोच. साध्या पाण्याने सगळं भरून स्विच दहा वेळा बंद करा, दहा वेळा चालू करा, आणि दर वेळी संपची पातळी डोळ्यांनी बघा.

उतरणारे पाइप तीन ठेवा. एक पूर्ण भरून वाहणारा, गेट व्हॉल्व्हने आवरलेला. दुसऱ्यात बारीक धार. तिसरा कोरडा, पहिले दोन तुंबले तरच कामाला येणारा. माझ्या जुन्या टँकला एकच पाइप होता आणि त्याच्या तोंडात एका रात्री एक गोगलगाय जाऊन बसली. गोगलगाय अन् पोटात पाय, ही म्हण मला त्या रात्री ओला गालिचा पिळताना कळली.

खोलीत सांडपाण्याला वाट हवी. आमच्याकडे कपडे धुण्याचं खोल सिंक होतं, त्याच्या शेजारीच खोली आखली. बेसमेंटमध्ये घराचाही एक संप पंप असतो, जमिनीतलं पाणी उपसून बाहेर टाकणारा. नाव सारखं म्हणून मिठाचं पाणी त्या खड्ड्यात सोडाल, तर ते थेट बागेत जाईल.

दोन मोठी पिंपं लागतात. एकात आरओ-डीआय गाळणीतून काढलेलं शुद्ध पाणी, दुसऱ्यात टँकसाठीचं समुद्री मीठ कालवलेलं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असेल तर चांगला कार्बन ब्लॉक, म्हणजे कोळशाची गाळणी, घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे, दोन-तीन चालतील असं म्हणू नका. पाण्यात मीठ घालायचं, मिठात पाणी नाही. संपसकट आमचं पाणी साधारण ११०० लिटर, म्हणजे पहिल्या भरण्यालाच ४० किलो मीठ. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, हजारात ३५ धरा आणि ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर नाही.

रोज दहा-बारा लिटर पाण्याची वाफ होते. तेवढं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र बसवाच, पण त्याला मोठं पिंप जोडू नका. आमचं डबडं फक्त ४० लिटरचं आहे. सेन्सर अडकून ते सगळंच्या सगळं टँकमध्ये ओतलं गेलं तरी क्षारता ३५ वरून ३३.८ होईल, मासे जगतील. दोनशे लिटरचं पिंप ओतलं गेलं तर काय, ते तुम्हीच मांडून बघा. ती वाफ जाते कुठे, हाही प्रश्न आहे. भिंतींना ओल सहन करणारं ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लावा, सगळे सांधे बंद करा, आणि थेट बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा. नाहीतर जानेवारीत वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना घाम फुटतो आणि बुरशीचा वास कुठून येतोय ते महिनाभर कळत नाही.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून, टाउनशिपचं परमिट काढूनच करा. २० अँपिअरची दोन स्वतंत्र सर्किटं घ्या, दोन्हींवर जीएफसीआय, म्हणजे वीज पाण्यात किंवा अंगात गळू लागली की लगेच तोडणारा स्विच. सगळं एकाच जीएफसीआयवर टाकलंत तर तो उगाच उडाला तरी सगळंच एकदम बंद पडतं. हीटर मोठा एक नको, लहान दोन, वेगवेगळ्या सर्किटवर. हीटर बिघडतो तो बरेचदा चालू राहून बिघडतो, आणि लहान हीटर एवढं पाणी लवकर उकडू शकत नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकेल.

वीज गेल्यावर काय, हे लिहून ठेवा. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी चक्रीवादळ आलं तेव्हा माझा टँक ७५ गॅलनचा होता. आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. थंडीने मासे जातील या भीतीने आम्ही टँकला रजया गुंडाळल्या, आणि खरा धोका लक्षातच आला नाही. आधी संपतो तो पाण्यातला ऑक्सिजन. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडू लागले, तेव्हा नवरा आणि मी पाळीपाळीने मगाने पाणी उचलून उंचावरून ओतत बसलो. बॅटरीवर चालणारा पंधरा डॉलरचा एअर पंप घरात असता तर दोघंही झोपलो असतो. आता तसे दोन आहेत, शिवाय पाणी हलवणाऱ्या पंपांना वेगळी बॅटरी. जनरेटरचा नंबर त्यानंतर.

लाइटबद्दल जे कुणी सांगेल ते ऐका, सगळे थोडेफार बरोबर असतात.

दगडी प्रवाळ ठेवायचे असतील तर ते सांगाडा बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) खेचत राहतात. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक) आणि कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिर राहील अशी सोय आधीच करून ठेवा. आम्ही काल्कवासर वापरतो. जर्मन नाव आहे, मला मोठं शास्त्रीय वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. डब्याच्या तळाशी बसलेला पांढरा साका आणि वरचं नितळ पाणी बघून म्हणाली, "अगं, ही तर चुन्याची निवळी! कोहळ्याच्या पेठ्याला करतात ती." अगदी तीच. उघडी राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो, म्हणून डबा घट्ट झाकणाचा हवा. तिचा पीएच १२ च्या वर असतो. थेंबाथेंबानेच जाऊ द्या, शक्यतो रात्री, आणि हातमोजे घाला.

मासे आणण्याआधी टँक नुसता चालू ठेवायचा. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ वाया घालवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला विलगीकरणाचा लहान टँक मांडा. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेलसुद्धा वेगळा. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मोठ्या टँकमध्ये शिरला की सगळे मासे बाहेर काढून टँक साधारण अडीच महिने माशांविना चालू ठेवावा लागतो. आणि तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, त्याने प्रवाळ आणि कोळंबी मरतात.

पुण्याचा मावसभाऊ हे सगळं ऐकून उत्साहात आला होता, त्याला जे सांगितलं तेच इथे. भारतात खडक बांधणारे सर्व प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणहून आणलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून ठेवणंही महागात पडेल. इथून बॅगेत घालून नेण्याचा विषय तर काढूच नका, दगडी प्रवाळांवर साइटिसचे, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, निर्बंध आहेत.

राहता राहिली भारतवारी. डिसेंबरमध्ये तीन आठवडे घर बंद, आणि ४० लिटरचं डबडं साडेतीन दिवसांत संपतं. म्हणून दर तीन दिवसांनी येणारी मैत्रीण आधी ठरवा, विमानाची तिकिटं मग काढा. तिच्यासाठी खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावा: डबडं कुठवर भरायचं, कुठली चावी फिरवायची, कुठल्या चावीला हात लावायचा नाही. खाणं यंत्राने द्या. ती आली त्या दिवसाचं जास्तीचं खाणं औषधाच्या गोळ्यांच्या वारांच्या डबीत भरून ठेवा, एका खणात एकाच वेळचं. मासे काचेशी येऊन कितीही बघत राहिले तरी डबीबाहेरचं चिमूटभरही नाही, हे दोनदा लिहा. महिनाभर आधी एक शनिवार-रविवार मुद्दाम बाहेर राहायला जा आणि तिला एकटीला सगळं करू द्या. तिने फोन करून जे जे विचारलं ते टिपून घ्या, तेवढंच कागदावर लिहायचं राहिलेलं असतं.