तिहाई बांधायची तर आधी चौकटीची वही घ्या

माझ्याकडे तबला शिकणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी मी तयार तिहाया पाठ करायला देते. दुसऱ्या वर्षी मात्र चौकटीची वही आणायला सांगते. स्वतःची तिहाई बांधायची तर हिशेब पक्का हवा.

तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तीनतालाच्या मात्रा १६, पण समेपासून तिहाई उचलायची असेल तर चौकटी आखायच्या १७. जिथे पोचायचं ती पुढची समही धरायची असते. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात मी १६ धरून तिहाई बांधली आणि 'धा' एक मात्रा आधीच पडला. लेहरा, म्हणजे तबल्यासोबत सतत फिरणारी धून, धरणाऱ्याने मान वर करून पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता गणित. बोलाच्या मात्रांची तिप्पट अधिक दमाची दुप्पट, बेरीज १७. बोल एकदा म्हणणं म्हणजे एक पल्ला. दम म्हणजे दोन पल्ल्यांमधली विश्रांती, खाली ती 'ऽ' अशी लिहिली आहे. पल्ले तीन, म्हणून दम दोनच. पूर्ण मात्रांत बांधायचं तर तीन जोड्या निघतात: बोल ५ नि दम १, बोल ३ नि दम ४, बोल १ नि दम ७. शेवटची हिशेबात बसते, पण कानाला ती तिहाई वाटतच नाही. मी सुरुवात पहिलीपासून करून घेते:

तिट कत गदि गन धा ऽ
तिट कत गदि गन धा ऽ
तिट कत गदि गन धा

पहिला 'धा' पाचव्या मात्रेवर, टाळीवर. दुसरा अकराव्या मात्रेवर, खालीच्या, म्हणजे टाळी न देता हात सोडण्याच्या विभागात. तिसरा समेवर. तबल्याला हात लावण्याआधी हे हाताने ताल देत म्हणा, दमाची मात्रा मनात न गिळता.

बोल बदलायचा असेल तर पाच मात्रांचे एक-एक आणि दोन-दोन मात्रांचे तुकडे पाडून बघा. २-२-१, १-२-२, २-१-१-१ असे एकूण आठ प्रकार होतात. चार मात्रांचे पाच, तीन मात्रांचे तीन; प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने छंदांच्या मात्रा मोजताना हाच नियम मांडला होता. आठही प्रकार वहीत लिहा आणि मोठ्याने म्हणा. जिभेवर सहज खेळेल तो ठेवा, बाकीचे सोडून द्या.

इतर तालांतही रीत हीच. रूपकात ८ चौकटी, बोल २ नि दम १. एकतालात १३, बोल ३ नि दम २. झपतालात ११, बोल ३ नि दम १:

तिटकत गदिगन धा ऽ तिटकत गदिगन धा ऽ तिटकत गदिगन धा

ही झपतालाची तिहाई मला फार प्रिय आहे. हीच तीनतालात, मध्ये दम न घेता, सलग तीनदा म्हणा. अकरा त्रिक तेहतीस, म्हणजे दोन आवर्तनं आणि सम. चक्रदार, म्हणजे तिहाईचीच तिहाई, तयार! नऊ 'धा' येतात, आणि समेवर पडतो तो फक्त नववा. मधली सम, म्हणजे सतरावी चौकट, 'गदिगन'खाली येते. तिथे हात जड पडू देऊ नका.