आमिषासाठी जिवंत लहान मासे पकडणे आणि टिकवणे

गळाला लावलेला लहान मासा पाण्यात जोमाने हालचाल करत असेल, तरच शिकारी मासा त्याच्याकडे वळण्याची खरी शक्यता असते. अर्धमेला मासा लावण्यापेक्षा साधे गांडूळ लावलेले बरे. म्हणूनच आमिषाचे मासे किती पकडले यापेक्षा ते गळाला लावेपर्यंत किती तरतरीत राहिले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. हे मासे बहुधा टाकीत ठेवल्यानंतर दगावतात आणि दोष टाकीला दिला जातो; परंतु माझ्या मते त्यांचे भवितव्य पकडताना आणि त्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच ठरलेले असते.

जाळे पाण्यात टाकण्यापूर्वी आपल्या भागातील मत्स्यव्यवसाय विभागाचे नियम वाचून घ्यावेत. पिंजऱ्याचा आकार, जाळ्याचा प्रकार, किती मासे पकडता येतात, कोणत्या जाती संरक्षित आहेत आणि पकडलेले मासे दुसऱ्या पाण्यावर नेता येतात का, यांबाबत ठिकठिकाणी वेगवेगळे नियम असतात. काही देशांत जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यावरच बंदी आहे. शिवाय जे लहान मासे हाती लागतात त्यांत मोठ्या वाढणाऱ्या जातींची पिल्लेही असतात, त्यामुळे जात ओळखता येत नसेल तर तो मासा लगेच त्याच पाण्यात सोडून देणे योग्य.

पकडण्याच्या सर्व साधनांमध्ये पिंजरा सर्वांत सौम्य. हा तारेच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीचा लांबट नळकांड्याच्या आकाराचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूस निमुळती होत गेलेली नरसाळ्याच्या आकाराची तोंडे असतात. आत शिरणे सोपे असते, पण बाहेर पडण्याचा मार्ग मधोमध अधांतरी राहिल्याने मासा कडेकडेने फिरत राहतो आणि त्याला तो सापडत नाही. आतील छिद्र सुमारे अडीच सेंटिमीटरचे असावे. त्याहून मोठे असल्यास शिकारी मासे आत शिरून आपले आमिष फस्त करतात. पावाचे तुकडे किंवा कोरडी बिस्किटे बारीक जाळीच्या पिशवीत बांधून आत ठेवावीत, कारण मोकळे खाद्य लवकर विरघळून वाहून जाते.

पिंजरा कोठे ठेवायचा याचा विचार खाद्यापेक्षा अधिक करावा. लहान मासे उघड्या पाण्यात फारसे राहत नाहीत. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या फांद्यांजवळ, काठावरच्या झाडांच्या सावलीत, गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात त्यांचे थवे असतात. वाहत्या पाण्यात खाद्याचा वास प्रवाहाबरोबर खाली जातो आणि मासे त्या वासाच्या मागावर वर येतात. म्हणून पिंजरा प्रवाहाच्या दिशेने लांबवट ठेवून त्याचे एक तोंड खालच्या अंगाला येईल असे पाहावे आणि दोरी काठावर घट्ट बांधावी.

पिंजरा रात्रभर ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते, पण दाट वनस्पती असलेल्या साचलेल्या पाण्यात मी ती टाळण्याचा सल्ला देईन. दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याही तो वापरतात, त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि दाटीने अडकलेले मासे नेमके त्याच वेळी गुदमरतात. पूर्ण बुडालेल्या पिंजऱ्यात कासव अडकले, तर श्वास घेण्यासाठी वर येता न आल्याने तेही मरते. दर दोन-तीन तासांनी पिंजरा उचलून पाहणे हे कष्टाचे असले तरी हिताचे आहे.

पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) आणि ओढजाळे यांनी कमी वेळात पुष्कळ मासे मिळतात, पण जाळे आवळताना मासे एकमेकांवर घासतात आणि त्यांचे खवले निघतात. घाईत उपसलेला थवा बादलीत टाकल्यावर थोड्या वेळाने पाण्यावर चकाकणारे बारीक खवले तरंगताना दिसू लागतात. ते दिसले की त्यांतील बरेच मासे दुसरा दिवस पाहणार नाहीत, असे समजावे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्याचे बुरशीपासून आणि जिवाणूंपासून रक्षण करतो. तो कोरड्या हाताने किंवा गाठी असलेल्या खरखरीत जाळीने पुसला जातो. त्यामुळे बिनगाठीची मऊ हातजाळी वापरावी, हात ओले करावेत आणि शक्य तेथे मासे पाण्यासह उचलावेत.

पहिल्या तासात सर्वांत मोठी चूक होते ती गर्दीची. पळापळीमुळे माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि नेमके त्याच वेळी त्यांना थोड्याशा पाण्यात कोंबले जाते. त्यातच पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 10 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. उलट गरम पाण्यात माशाच्या शरीराची मागणी मात्र वाढते. म्हणून बादली सावलीत ठेवावी, फिकट रंगाची आणि झाकणाची असावी, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप पकडण्याच्या ठिकाणापासूनच सुरू करावा. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली बादलीत सोडल्यास तापमान हळूहळू उतरते. बर्फ थेट टाकल्यास नळाच्या पाण्यातील क्लोरीनही आत जाते. अंदाजासाठी सांगायचे तर पाच सेंटिमीटर लांबीचे सुमारे दोन डझन मासे 20 लिटर हवायुक्त थंड पाण्यात सुखाने राहतात. त्याहून जास्त लागणार नसतील, तर पकडूच नयेत.

ठेवण्याची टाकी उंच असण्यापेक्षा पसरट असावी, कारण हवेतील प्राणवायू पृष्ठभागातून मिसळतो. जस्ताचा मुलामा असलेले पत्र्याचे टब आणि तांब्याची भांडी टाळावीत. दोन्ही धातू माशांना विषारी असतात. नळाचे पाणी वापरायचे असल्यास सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीननाशक मिसळावे. पाणी एक-दोन दिवस हवा खेळवत ठेवल्यानेही त्यातील क्लोरीन उडून जाते, पण पुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे टिकाऊ संयुग) असेल तर नुसते पाणी ठेवून भागत नाही.

नव्या पाण्यात मासे सोडताना तापमानाचा फरक एकदम पडू देऊ नये. मासे बादलीतल्या पाण्यासह प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ती टाकीत अर्धा तास तरंगत ठेवावी आणि मधूनमधून टाकीतील थोडे पाणी पिशवीत घालावे. प्रतिलिटर एक ते तीन ग्रॅम साधे मीठ घातल्यास दमलेल्या गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरातील क्षारांचा समतोल सावरण्यास मदत होते. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. नंतरही चिमूटभरच द्यावे, कारण उरलेले अन्न आणि विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. टाकीत स्पंज फिल्टर लावावा, दररोज चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि मेलेला मासा दिसताक्षणी काढावा. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकू लागले, किंवा पाण्यावर न विरणारा फेस साचला, तर पाणी बदलण्याची वेळ आली आहे.

शेवटी उरणारे मासे दुसऱ्या नदीत किंवा तलावात सोडणे हा दयाळूपणा नव्हे. आमिषाच्या बादल्यांतून परकी जाती आणि रोग पसरतात. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्समध्ये 2005 च्या सुमारास व्हायरल हेमोरेजिक सेप्टिसेमिया या माशांच्या घातक विषाणूजन्य रोगाचा उद्रेक झाल्यानंतर अशा माशांच्या वाहतुकीवर कडक बंधने आली. वापरात न आलेले मासे वेदनारहित रीतीने मारून कचऱ्यात टाकावेत किंवा पुरावेत आणि बादलीतील पाणी काठापासून दूर कोरड्या जमिनीवर ओतावे. जाळी, पिंजरा आणि बादली दुसऱ्या पाण्यावर नेण्यापूर्वी स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. पिंजऱ्याच्या जोडांत अडकलेला शेवाळाचा धागाही काढून टाकावा.