उपवनला फिल्मवर पोर्ट्रेट काढायचंय? मग आधी तळहात बघा

ठाण्यात बाहेर पोर्ट्रेट काढायला मला उपवन तलावाचा काठ सगळ्यात आवडतो, कारण संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगरामागे गेला की आकाश उजळ राहतं पण चेहऱ्यावर कडक ऊन नसतं, डोळ्यांखाली खड्डे पडत नाहीत, नाकाची सावली ओठावर येत नाही. भर दुपारी नकोच, आणि गेलातच तर माणसाला झाडाच्या सावलीत पण अगदी कडेला उभं करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे, म्हणजे डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो.

फिल्म 400 आयएसओची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी घ्या. मी इलफर्डची एचपी5 ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरतो, कारण संध्याकाळी उजेड भराभर उतरतो. 50 मिमीची लेन्स चालते पण अगदी तोंडाशी जाऊ नका, नाक मोठं येतं, 85 असेल तर मस्तच. अपर्चर एफ/4, शटर 1/125 च्या खाली शक्यतो नको, फोकस जवळच्या डोळ्यावर.

आता मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, सगळी गंमत इथेच आहे. माझ्या आत्याचे फोटो काढले तेव्हा तिच्या अंगावर पांढरी साडी, पाठीमागे चमकणारं पाणी, मीटरने 1/500 सांगितलं आणि मी तेच लावलं. रोल धुतला तर चेहऱ्याच्या जागी फिल्म जवळपास काचेसारखी कोरी, साडी मात्र सुंदर. निगेटिव्हवर नोंदलंच गेलं नाही ते प्रिंटमध्ये कुठून आणणार? मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं, पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो, सावळा चेहरा दिसला की वाढवतो. म्हणून आता मी चेहऱ्यावर जसा उजेड पडतोय तसाच माझ्या तळहातावर पडेल असा हात धरतो, फ्रेम पूर्ण तळहाताने भरून रीडिंग घेतो आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड देतो, 1/250 आलं तर 1/125. माणूस गोरा असो की काळा, तळहाताचा रंग फारसा बदलत नाही, म्हणून हे जमतं. शंका आली तर अजून अर्धा स्टॉप द्या, निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहन करते, कमी नाही.

धुताना आपल्याकडे घाम आणि गरम पाणी हा खरा त्रास. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या पिशवीत, फिल्म धुवायच्या टँकच्या रीलवर गुंडाळताना हात ओले झाले की ती अडकते, तेव्हा हात बाहेर न काढता फिल्म टँकमध्ये टाका, झाकण लावा, मग हात बाहेर काढून पुसा आणि परत सुरू करा. रील पूर्ण कोरडं हवं. आयडी-11 या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी, 20 अंशाला 13 मिनिटं, दर मिनिटाला पहिले 10 सेकंद टँक उलटसुलट. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, त्यामुळे मी टबात बर्फाची पिशवी ठेवतो आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), धुवायचं पाणी सगळं त्याच तापमानाला आणतो, एकदम गरम पाणी लागलं तर फिल्मवरच्या थराला सुरकुत्या पडू शकतात.

प्रिंटला मल्टिग्रेड आरसी पेपर (प्लॅस्टिकचा थर असलेला, फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येतो असा), फिल्टर अडीच, एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्ह कागदावर मोठं पाडणाऱ्या यंत्राची, लेन्स एफ/8 वर. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे वेळ ठरवायला कागदाची चाचणी पट्टी, मागच्या झाडांवर नाही, गालावर ठेवा, 5-5 सेकंदांच्या पट्ट्या. वेळ गालावरून ठरवा आणि फिल्टर केसांच्या काळ्यावरून, केस राखाडी दिसले तर तीनचा लावा. डेव्हलपरमध्ये पूर्ण एक मिनिट, चेहरा काळा पडतोय म्हणून आधी उचलू नका, काळे रंग मेल्यासारखे होतात, वेळ एन्लार्जरवर कमी करा. आत्याच्या दुसऱ्या रोलमध्ये डोळ्यांभोवती थोडं गडद येत होतं, तारेला चिकटवलेला नाण्याएवढा पुठ्ठा मी 2 सेकंद तिथे हलवत धरला, आणि पाण्याला पुठ्ठ्याच्या भोकातून 6 सेकंद जास्त दिले. पुठ्ठा स्थिर ठेवलात तर कडा उमटते.

फिक्स झाल्यावरच ट्यूबलाइट लावा, लाल दिव्यात प्रिंट नेहमी जास्त गडद वाटते. आणि ओली प्रिंट बघून खूश होऊ नका, वाळल्यावर किंचित गडद होते, म्हणून मी गाल हवा त्यापेक्षा जरा उजळच ठेवतो.